एक ताट जास्त

२०२३ साल होतं. मला बहात्तरावं लागलेलं आणि गुडघे सोडले तर बाकी सगळं शाबूत होतं. त्या साली पावसाच्या तोंडावर आमच्या बिल्डिंगीच्या तिसऱ्या मजल्यावर पोलंडची एक बाई राहायला आली. शीळफाट्याकडं टॉवरांची मोठी वसाहत झाली आहे, तिथल्या इंग्रजी बालवाडीत ती शिकवायची. शाळा तिला टॉवरातच फ्लॅट देत होती. तिनं घेतला नाही. का, तर तिथल्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून खाडी दिसते आणि गावात उरलेलं शेवटचं तळं दिसतं. ते तळं माझ्या धाकट्या भावाचं.

बाई पन्नाशीची. उंच एवढी, की दारातून येताना मान वाकवायची. केस पांढरे, पोरासारखे बारीक कापलेले. मराठी बोलायची, पण तिचं मराठी वेगळंच. बालवाडीत पोरं सांभाळणाऱ्या मावश्या आमच्याच आसपासच्या गावच्या. त्या पोरांशी जे बोलतात ते बाईनं उचललेलं. त्यामुळं तिला येत होतं ते चार वर्षांच्या पोराशी बोलायचं मराठी, आणि तेच ती सगळ्यांशी बोलायची.

एकदा तिच्याकडं नळवाला आला. चांगला चाळिशीचा, मिशीवाला माणूस. तो आत पाय टाकतो न टाकतो तोच बाई म्हणाली, "आधी चप्पल. मग हात. मग काम." त्यानं चप्पल काढली, हात धुतले, नळ बसवला. बाईनं टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! किती छान केलंस!" तो माणूस लाजून लाल झाला. त्यानंतर माझ्या नळासाठी तो चार चार फोन करूनही यायचा नाही, आणि तिचा नळ गळत नसला तरी जिन्यात उभा राहून विचारून जायचा.

दिवाळीनंतर पाइपलाइन फुटली तेव्हा गल्लीत टँकर येऊ लागला. टँकर आला की बायकांची जी हाणामारी चालायची ती मी गच्चीवरून बघायचो. नगरसेवकाचा माणूस आला, त्याला हंडा लागला. पोलीस आला, तो लांब उभा राहिला. बाई खाली उतरली. तीनदा टाळी वाजवली आणि ओरडली, "आगगाडी! आगगाडी करा! पुढच्याच्या खांद्यावर हात!" आणि तुम्हाला खोटं वाटेल, बायकांनी आगगाडी केली. आमची ही तिसरा डबा झालेली. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "सासूचं कधी ऐकलं नाहीस, हिचं बरं ऐकलंस." ती म्हणाली, "सासूनं कधी टाळी वाजवली का?"

पहिल्या दिवशी बाई मला "तू" म्हणाली तेव्हा मी जरा ताठलो. "आबा, तू खाली बस." आता आमच्या आगरी बोलीत जुन्या माणसांना तूच म्हणतात, त्यात अपमान नाही. पण ती बोली आता बोलतो कोण? गावातल्या सुना शाळेतलं मराठी बोलतात, भाडेकरू "अंकल तुम्ही" म्हणतात, बँकेतला पोरगा "सर" म्हणतो. मला तू म्हणणारे एकेक करून गेले. एक उरलेला, तो बोलत नव्हता. त्यामुळं रात्री पडल्यावर मला वाटलं, असू दे. म्हणू दे.

मी तिसरी शिकलेलो. चौथीत बापानं मिठागरावर नेलं आणि पाटी सुटली. म्हणून मला तिच्या शाळेचं कुतूहल. विचारलं, "पोरांना अआइई कधी शिकवतेस?"

"सहा वर्षांची झाली की."

"मग तोवर काय?"

"बटण," ती म्हणाली. "स्वतःचं बटण स्वतः लावायचं. पाणी न सांडता ओतायचं. मटार सोलायचे. रडून झालं की तोंड धुवायचं."

"याला फी घेता?"

"हे कठीण आहे, आबा. अआइई सोपं आहे."

मला ते पटलं. माझं वाचन पाट्या आणि सातबारा यापुरतं, पण बटण मी अजून माझं मी लावतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, शिकलेले, गुडघे धड असलेले किती जण मला माहीत आहेत, ज्यांची बटणं बायकोच लावते.

डिसेंबरात शाळेला नाताळची सुट्टी लागली. तिच्याबरोबरच्या बाकी गोऱ्या बाया गोव्याला गेल्या. ही गेली नाही. मी विचारलं, "देशाला तरी जा. घर नाही का?"

"घर आहे. घरात माणूस नाही."

एवढं बोलून ती उठली आणि खाली टेम्पो आला होता तिकडं गेली. टेम्पोत गोण्या होत्या. मला वाटलं सामान आणलं. गोण्या उघडल्या तर आत अस्वलं. शाळेची कापडी अस्वलं, ससे, हत्ती, एक मगर. वर्षभर पोरांनी चोखलेली, ओढलेली. सुट्टीत ती सगळी धुवायची, हे तिचं काम. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. गच्चीवर टबात बसवून एकेकाला साबण लावायची आणि मग चिमट्यांनी कानाला धरून दोरीवर टांगायची. अर्धं गाव बघायला आलं. त्याच गच्चीवर आमच्या हिनं जवळा वाळत घातलेला. एरवी कावळे हाकलायला तिला काठी घेऊन दिवसभर बसावं लागतं. अस्वलं टांगली त्या दिवसापासून एक कावळा फिरकला नाही. आमची ही मला म्हणाली, "तिला सांगा, सुट्टी वाढवून घे."

सकाळी मी स्वेटर, कानटोपी, मफलर घालून गच्चीवर बसायचो. बाई अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून खाडीच्या बांधावरनं फिरून यायची. मी म्हणायचो, "थंडी आहे, बाई." ती म्हणायची, "थंडी नाक कापते, आबा. ही तर गुदगुल्या करते."

अशीच एका सकाळी फिरून आली आणि म्हणाली, "मला जिवंत मासा पाहिजे."

त्यांच्याकडं नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मोठं जेवण. त्यात मटण नाही, मासाच. आणि तो मासा बाजारातून जिवंत आणून दोन-तीन दिवस न्हाणीत पाण्यात ठेवायचा. मग त्या दिवशी मारायचा. मी म्हटलं, हे आपल्यातलंच माणूस निघालं. पण तोंडानं म्हटलं, "जिवंत मासा इथं मिळत नाही. मेलेला ताजा आणून देतो."

तिनं गच्चीवरून बोट दाखवलं. "तिथं आहे. मी रोज बघते. पाणी हलतं."

तळ्यात जिताडा होता. आमच्यात जिताडा म्हणजे माशांत राजा. तळ्यात पाळायचा, वाढवायचा आणि मोठ्या माणसाला मानानं पाठवायचा.

"ते तळं आपलं नाही," मी म्हटलं.

"भावाचं आहे. आजीनं सांगितलं. भांडण आहे?" आजी म्हणजे आमची ही.

"भांडण नाही. बोलत नाही."

"माझ्या वर्गात भांडण जेवणापर्यंत. जेवायला सगळे."

"तुझा वर्ग चार वर्षांचा आहे."

"हो," ती म्हणाली. "म्हणून त्यांना लवकर कळतं."

आता ते भांडण सांगतो. आमच्या गावदेवीची पालखी चैत्रात निघते आणि आजोबापासून ती पहिली आमच्या दारी थांबायची. आई गेली, वाटणी झाली. मी माझ्या हिश्शात बिल्डिंग बांधली. जुनं घर आणि त्याचं दार धाकट्याच्या हिश्शात गेलं. पहिल्याच चैत्रात प्रश्न आला, पालखी आधी कुठं? मी म्हटलं, मान थोरल्याचा. तो म्हणाला, मान दाराचा. पालखी रस्त्यात, भोयांचे खांदे दुखायला लागले, आणि आम्ही दोघं समोरासमोर. शेवटी पंचांनी ठरवलं, कुणाकडंच नको. तेव्हापासून पालखी दोघांचीही दारं सोडून सरळ पुढं जाते. मी त्या दिवशी देवीसमोर बोललो, याच्या ओट्यावर पाय ठेवणार नाही. माझं अजूनही म्हणणं आहे की मान थोरल्याचाच. ते कुणी खोटं पाडून दाखवावं.

बाई आली त्याच साली दसऱ्याच्या सुमारास धाकट्याची छाती उघडली. ठाण्याच्या इस्पितळात बायपास झालं. सगळं गाव बघून आलं. आमची ही रोज गेली, डबा घेऊन. मी गेलो नाही. रोज संध्याकाळी ती परत आली की मी तिला काही विचारायचो नाही, आणि ती मला न विचारता सांगायची. "आज पेज प्याले." "आज बसले." मी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायचो.

तर बाई माझं ऐकून गप्प बसली असं मला वाटलं. संध्याकाळी खाली रिक्षा-टेम्पो थांबला आणि दोन गडी निळा ड्रम वर चढवू लागले. ड्रमात जिताडा. बाई एकटी तळ्यावर गेली होती. धाकट्यानं विचारलं, कुणासाठी? म्हणाली, माझ्या सणासाठी. त्यानं जाळं टाकायला लावलं आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. ड्रम तेवढा परत पाहिजे, म्हणाला.

जिताडा तिच्या न्हाणीत राहिला आणि ती आंघोळीला आमच्याकडं यायला लागली. बिल्डिंगमधली पोरं रांग लावून त्याला बघायला. पोरांनी त्याचं नाव ठेवलं, त्याला चपाती भरवली. मला वाटलं, झालं. अस्वलांना आंघोळ घालणारी बाई, हिच्या हातून आता मासा मरत नाही. पाळणार आणि तळ्यात सोडायला लावणार. आमची ही तर विळी धुवून तयारीत बसलेली, म्हणाली, "मीच कापते, ती रडेल."

नाताळच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी बाईनं पोरांना न्हाणीच्या दारात उभं केलं आणि सांगितलं, "हा मासा होता. आता जेवण आहे. टाटा करा." पोरांनी टाटा केला. तिनं त्यांना खाली पाठवलं, दार लोटलं आणि आमच्या खलातल्या बत्त्यानं एका घावात काम केलं. बाहेर आली तेव्हा बाह्या ओल्या, चेहरा शांत. "हे माझ्या बाबाचं काम," म्हणाली. "बाबा नाही. मग मी."

माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही असा माझा समज होता. त्या बाईनं तो मोडला. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आता कोरियात कुठंतरी पोरांना बटणं लावायला शिकवते आणि आमच्या हिला फोनवर अस्वलांचे फोटो पाठवते. पण ते राहू दे, रविवारची संध्याकाळ सांगायची आहे.

जेवण गच्चीवर. तिला चादरीखाली घालायला पेंढा पाहिजे होता, तसा रिवाज. ज्या गावात घराघरापुढं पेंढ्याच्या उडव्या होत्या, त्या गावात मूठभर पेंढ्यासाठी मला रिक्षानं तबेल्यावर जावं लागलं. आणला. तो पसरून त्यावर पांढरी चादर घातली. आणि बाईनं ताटं मांडली. जेवणारे तीन, ती, मी आणि आमची ही. मुलगा ठाण्याला राहतो, तो यायचा नव्हता. ताटं चार.

मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. माणसांपेक्षा एक पान जास्त मांडतात ते कुणासाठी, हे मला शिकवायला पोलंडहून कुणी यायला नको. पितृपक्षात आम्हीही मांडतो. मला बरं वाटलं, की या लोकांतही गेलेल्यांची आठवण ठेवतात. मी खाली गेलो, आमच्या आईची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची थाळी माळ्यावरून काढली, घासली आणि त्या चौथ्या जागी ठेवली. त्यात जिताड्याचं डोकं वाढलं, आईला डोकं आवडायचं. तांदळाची भाकरी ठेवली. भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. बाई कौतुकानं बघत होती. आमची ही हळूच म्हणाली, "आता काय कावळ्याला बोलावता? कावळे तर अस्वलांना भिऊन गेले."

पण जेवायला सुरुवात नाही. पहिला तारा दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा आणखी एक रिवाज. आता डोंबिवलीच्या आभाळात तारा कुठला? आम्ही खाडीकडं तोंड करून उभे. एक चमकलं. बाई म्हणाली, "विमान." दुसरं चमकलं, तेही विमान. आमच्या हिला साखरेची गोळी असते, वेळेवर जेवावं लागतं. ती म्हणाली, "त्या टॉवरवरची लाल बत्ती चालेल का, विचारा तिला." शेवटी मान दुखली म्हणून मी वर बघितलं, तर तारा ऐन डोक्यावर. एवढा मोठा, की कुणी नाही म्हणणार नाही. आम्ही उगाच खाडीकडं बघत होतो.

बसतोय तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल, मग थांबणं. एक पाऊल, मग थांबणं. आणि गच्चीच्या दारात धाकटा. कठडा धरून उभा, तोंड उघडं, छाती वरखाली. या बिल्डिंगीच्या पायऱ्या तो जन्मात पहिल्यांदा चढलेला, आणि त्याही टाके घातलेली छाती घेऊन.

माझ्याकडं न बघता तो आमच्या हिला म्हणाला, "वैनी, ड्रम. सकालला मासं काढाचं हान."

बाईनं आरोळीच ठोकली. "आला! पाहुणा आला!" ती धावत गेली आणि तिनं त्याचा हात धरला. "आमच्याकडं नेहमी एक ताट जास्त ठेवतात. कुणी आलं तर त्याचं. मी लहान होते, तेव्हापासून बघते. आई ठेवायची, मग मी ठेवायची. कधीच कुणी आलं नाही! आज आलं! चल, हात धू!"

तेव्हा मला कळलं, ताट कुणासाठी होतं. पण तोवर त्यावर पाणी फिरवून झालेलं. गेलेल्या माणसाला दाखवलेलं पान जिवंत माणसानं खाल्लं तर काय होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेलो. आणि खाणार कोण, तर ज्याची छाती दोन महिन्यांपूर्वी उघडून शिवलेली तो. धाकटा बाईच्या सांगण्यासरशी पोरासारखे हात धुऊन त्या थाळीकडं निघाला.

"त्यावर बसू नको," मी म्हटलं.

तो थांबला. "तू मना बोल्लास?"

"ताटाबद्दल बोललो. ते आईचं पान हाय. मी वाढलंय. त्यावर जिवंत माणूस बसत नाही."

त्यानं वाकून थाळी बघितली. कडेला एक पोचा आहे, तो त्यानं बोटानं चाचपला. "यी आईचीच थाली. मना वाटला, तू भंगारात टाकलीस."

"टाकीन कशी?"

"मंग झाला तर," म्हणून तो खाली बसला. "आईच्या थालीतलाच मी जेवलेला. तू थोरला, तुना येगली थाली. मना आई तिच्याच थालीत घ्यायची. लगीन होईपर्यंत. आता कनाला येगला?"

मी थाळीची कड धरली आणि ओढली. त्यानं दुसरी कड धरली. रस्सा चादरीवर सांडला. आमची ही म्हणाली, "अवो, त्यांचे टाके!" आणि बाईनं टाळी वाजवली. एकच.

"ओढायचं नाही! जो बसला त्याचं ताट. आबा, सोड."

मी सोडलं. टाक्यांसाठी सोडलं, टाळीसाठी नाही.

धाकट्यानं जिताड्याचं डोकं फोडलं. गालाचं मांस आधी काढून खाल्लं, आई काढायची तसं. आम्ही तिघं त्याच्याकडं बघत बसलेलो. दोन घास गेले आणि तो म्हणाला, "मीठ कमी हाय."

"डॉक्टरनं तुम्हाला मीठ वर्ज्य केलंय, भाऊजी," आमची ही म्हणाली.

"म्हणून तं चांगला लागतंय."

मग आम्ही जेवलो. बाईच बोलत होती, तिच्या गावातल्या बर्फाचं, बाबाचं, न्हाणीतल्या माशाचं. बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मला वाटलं आगरी मसाला लागला. जेवण झाल्यावर ती उठली आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आली. धाकटा एकेक पायरी उतरत गेला. ड्रम गड्याकडून पाठवा, म्हणाला, आमच्या हिला.

मी पडलो, पण डोळा लागेना. बायको घोरत होती. मी माझ्याशी म्हणत होतो, हे सगळं जुन्या माणसांचं खुळ. पाणी फिरवलं म्हणून काय होतं? कावळ्यानं खाल्लेलं पान कुत्रा नाही का खात? मग वाटायचं, चार मजले चढला, चार मजले उतरला, वर रस्सा खाल्ला. कशानं का होईना, काही झालं तर लोक म्हणतील, थोरल्यानं मेलेल्याचं ताट वाढलं.

आणि लोकांचं सोडा. मी वाढलेलं ते, माझ्या हातानं.

सकाळी फटफटायच्या आधी मी उठलो. चूळ भरली, चहा घेतला नाही, ड्रम न्यायचं सुचलंही नाही. कानटोपी न घालता जिना उतरलो, गल्ली ओलांडली आणि जुन्या घराच्या ओट्यावर चढलो. आत दिवा नव्हता, आवाज नव्हता. मी कडी वाजवली. पुन्हा वाजवली, जोरात. तेव्हा आतून खोकला आला, आणि मग त्याचा आवाज, "कोन मेलाय रं एवढ्या सकालला?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि दार उघडेपर्यंत तिथंच ओट्यावर बसलो.